पेटंटचा दावा थांबवावा कीं चालवावा ?



भिवापूर, उमरेड, कुही या बाजूच्या शेतकऱ्याला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाहीं. ती ही कीं, एकाच जमिनीचा वाद एकाच वेळीं दोन ठिकाणीं चालूं शकतो. मालक दिवाणी न्यायालयांत ताब्याचा दावा लावतो, प्रतिवादी उभा राहून म्हणतो, "मी या जमिनीचें कूळ आहें." हे शब्द उच्चारले कीं न्यायाधीश लेखणी खालीं ठेवतात. आपल्या विदर्भासाठीं १९५८ सालीं जो कुळकायदा झाला, त्यांत असें सांगितलें आहे कीं, प्रतिवादी कूळ आहे कीं नाहीं हा प्रश्न तहसीलदारानें ठरवावयाचा, आणि तो ठरेपर्यंत दिवाणी न्यायालयानें दावा तहकूब ठेवावयाचा. मग प्रकरण तहसिलींत जातें, तेथून अपिलांत, तेथून आणखी वर. आणि दाव्याचे कागद दिवाणी न्यायालयाच्या कपाटांत पडून राहतात. दरम्यान ज्याच्या ताब्यांत शेत असेल तो पेरतो आणि कापतो.

आज मला ज्या वादाविषयीं बोलावयाचें आहे तो शेताचा नसून युक्तीच्या मालकीचा आहे. परंतु गांठ हीच आहे. पेटंट मिळालेला मनुष्य न्यायालयांत जाऊन म्हणतो, "यानें माझी युक्ति उचलली." त्याच वेळीं ज्याच्यावर हा आरोप झाला तो पेटंट-कचेरींत हरकत दाखल करून म्हणतो, "हें पेटंट मुळांत द्यावयासच नको होतें." अशा वेळीं न्यायाधीशांनीं हरकतीचा निकाल लागेपर्यंत दावा थांबवावा, कीं आपलें काम पुढें चालूं ठेवावें ? मी वकील नाहीं. मॅट्रिक होऊन जन्मभर मुलांना गणित आणि मराठी शिकविणारा एक निवृत्त मास्तर आहें. तथापि हा प्रश्न केवळ वकिलांवर सोंपवून देण्याजोगा नाहीं असें मला वाटतें. कारण थांबण्याची किंमत वकिलाला द्यावी लागत नसते.

प्रथम दोन शब्द पेटंटविषयीं. सरकारी मराठींत त्यास 'एकस्व' म्हणतात. लोकांच्या तोंडीं पेटंट हाच शब्द रुळला आहे, म्हणून मीही तोच वापरतों. नवी युक्ति शोधणाऱ्यानें ती कागदावर उघड मांडावी, आणि त्याच्या बदल्यांत सरकारनें अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षें तिच्यावर त्याचा एकट्याचा हक्क मान्य करावा, असा हा सौदा आहे. युक्ति खरोखर नवी आहे कीं नाहीं हें कचेरींतला तपासनीस पाहतो. पण तोही माणूसच. जगांत कोठें कोण काय करीत आलें आहे हें सारें त्याला कोठून ठाऊक असणार ? हळदीनें जखम भरते हें आपल्या आजीला ठाऊक होतें. अमेरिकेंतील तपासनीसाला नव्हतें, म्हणून १९९५ मध्यें तेथें हळदीच्या त्याच गुणावर पेटंट दिलें गेलें. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें फेरतपासणी मागितली, जुने ग्रंथ आणि लेख पुढें मांडले, आणि १९९७ मध्यें अमेरिकन कचेरीनें आपलाच निर्णय फिरविला.

कचेरीची चूक दाखवून देण्यासाठीं कायद्यानें अशीं दारें मुद्दाम ठेविलीं आहेत. आपला पेटंट कायदा १९७० चा. तो आज ज्या रूपांत आहे त्याप्रमाणें पेटंट मिळण्यापूर्वीं कोणासही हरकत घेतां येते. मिळाल्यावर, तें प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आंत, ज्याचा त्यांत हितसंबंध असेल त्याला हरकत घेतां येते. याशिवाय पेटंट रद्द करून मागण्यासाठीं उच्च न्यायालयांत जातां येतें. आणि कोणी आपल्यावर दावा लावलाच, तर त्याच दाव्यांत "तुमचें पेटंटच खोटें" असा प्रतिदावाही करतां येतो. तसा प्रतिदावा केला म्हणजे खालच्या न्यायालयांतला दावा उच्च न्यायालयाकडे जातो.

आतां एक कल्पित उदाहरण घेऊं. आमच्याकडे मिरचीचे सातरे असतात. लाल मिरचीचा ढीग पुढें घेऊन बाया दिवसभर बसतात आणि एकेक देठ खुडतात. संध्याकाळीं हातांची जी आग होते ती त्यांनाच ठाऊक. समजा, हे देठ खुडण्याचें यंत्र एखाद्या मोठ्या कंपनीनें काढलें आणि त्याचें पेटंट घेतलें. उमरेडच्या एका लहान कारखानदारानेंही तसेंच यंत्र बांधून विकावयास आरंभ केला. कंपनीनें नागपूरच्या जिल्हा न्यायालयांत दावा लावून मनाई हुकूम मागितला. कारखानदाराचें म्हणणें असें कीं, असलें यंत्र त्याच्या वडिलांनींच पूर्वीं बांधून विकलें होतें, तेव्हां यांत नवें कांहीं नाहीं. त्यानें मुंबईच्या पेटंट-कचेरींत हरकत दाखल केली. आतां कचेरी तीन जणांचें मंडळ नेमणार, मंडळ अहवाल देणार, मग सुनावणी होणार. इकडे नागपुरास त्याचा वकील उभा राहून म्हणतो, "साहेब, कचेरीचा निकाल येईपर्यंत हा दावा थांबवावा."

न्यायाधीशांच्या हातांत काय आहे ? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १० व्या कलमांत दावा तहकूब ठेवण्याची तरतूद आहे. परंतु तें कलम दोन न्यायालयांतील दोन दाव्यांपुरतें आहे, आणि पेटंट-कचेरी हें न्यायालय नव्हे. व्यापारचिन्हांच्या १९९९ च्या कायद्यांत दावा थांबविण्याचें स्वतंत्र कलम आहे, आणि दावा थांबला तरी मध्यंतरींचे हुकूम देतां येतील असेंही त्यांत म्हटलें आहे. पेटंट कायद्यांत असें कलम नाहीं. म्हणजे न्यायाधीशांना संहितेच्या १५१ व्या कलमांतील अंगभूत अधिकारावर, तारतम्यानें, प्रत्येक वेळीं नव्यानें ठरवावें लागतें. कुळकायद्यांत त्यांना 'थांबा' असा हुकूम आहे. येथें त्यांना मोकळीक आहे. ही मोकळीक बरी कीं वाईट याकडे मी पुढें येतों.

दावा थांबवावा या बाजूचा सर्वांत जबरदस्त दाखला विलायतेंतला आहे, आणि तो कळण्यास युरोपांतील व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे. म्यूनिच येथें एक मध्यवर्ती पेटंट-कचेरी आहे. तिनें दिलेलें पेटंट निरनिराळ्या देशांत तेथल्या पेटंटाप्रमाणें चालतें. तें मिळाल्यापासून नऊ महिन्यांच्या आंत म्यूनिचला हरकत घेतां येते, आणि तेथें तें रद्द झालें तर सर्व देशांत, आणि अगदीं पहिल्या दिवसापासून, रद्द झालें असें धरतात. दावे मात्र देशोदेशींच्या न्यायालयांत चालतात. त्यामुळें एकाच वादाच्या दोन गाड्या एकाच वेळीं सुटतात, आणि कोणती आधीं पोंचते यावर पुष्कळ कांहीं अवलंबून राहतें.

व्हर्जिन अटलांटिक या इंग्लिश विमान कंपनीनें निजावयास सपाट होणाऱ्या आसनांच्या रचनेचें पेटंट घेतलें होतें. तें २००७ मध्यें मंजूर झालें. दुसऱ्या विमान कंपन्यांसाठीं आसनें बनविणाऱ्या कारखान्यावर, ज्याचें नांव पुढें झोडियाक झालें त्यावर, तिनें लंडनला दावा लावला. या वादांतून निघालेल्या एका खटल्यांत मुंबईची जेट एअरवेजही, जी पुढें २०१९ मध्यें बंद पडली, प्रतिवादी होती. म्यूनिचला हरकत चालूं होती. इंग्लिश न्यायालय थांबलें नाहीं. २००९ च्या ऑक्टोबरांत तेथल्या अपील न्यायालयानें पेटंट खरें आणि कारखानदार दोषी असा निर्णय दिला. पुढच्याच वर्षीं सप्टेंबरांत म्यूनिचच्या अपील मंडळानें तेंच पेटंट कांटछांट करून इतकें अरुंद केलें कीं, ज्या भागाचा भंग झाला म्हणून कारखानदार हरला होता तो भागच त्यांत उरला नाहीं.

तरीही व्हर्जिननें चार कोटि नव्वद लाख पौंडांहून अधिक भरपाई मागितली ! तिचें म्हणणें, "निकाल एकदां शेवटचा लागला तो लागला." हें म्हणणें वेडेपणाचें नव्हतें, इंग्लंडच्या अपील न्यायालयानें त्यापूर्वींच्या खटल्यांत तसाच नियम घातला होता. अखेर ३ जुलै २०१३ रोजीं तेथल्या सर्वोच्च न्यायालयानें हा नियम मोडीत काढला. जें पेटंट त्या रूपांत कधीं अस्तित्वांतच नव्हतें असें कायदा म्हणतो, त्याच्या भंगाबद्दल दंड कसला, असा लॉर्ड संप्शन यांच्या निकालपत्राचा आशय आहे. हा निर्णय योग्यच झाला. पण तो मिळण्यास तीन वर्षें गेलीं; आणि कारखानदार लहान असता, मनाई हुकुमानेंच बसला असता, तर हा निर्णय ऐकावयास तो व्यापारांत उरला असता काय ?

हें ऐकून श्रोत्यांना वाटेल कीं, मग थांबणेंच शहाणपणाचें. मलाही प्रथम तसेंच वाटलें असतें. परंतु हरकतीचा निकाल किती दिवसांत लागतो हें पाहिल्यावांचून तसें म्हणतां येत नाहीं. कडुनिंबाचें उदाहरण घ्या. निंबोळीच्या तेलानें पिकावरील बुरशी हटविण्याच्या पद्धतीचें पेटंट म्यूनिचच्या कचेरीनें १९९४ मध्यें अमेरिकेचें कृषिखातें आणि ग्रेस नांवाची कंपनी यांना दिलें. १९९५ मध्यें डॉ. वंदना शिवा आणि त्यांच्या दोन युरोपीय सहकारिणींनीं हरकत घेतली. पुण्याच्या एका कारखानदारांनीं म्यूनिचला जाऊन साक्ष दिली कीं, असा अर्क आपण पूर्वींपासूनच काढीत आहोंत. मे २००० मध्यें पेटंट रद्द झालें. पेटंटवाल्यांनीं अपील केलें, आणि तें ८ मार्च २००५ रोजीं फेटाळलें गेलें. जय झाला, आपणां सर्वांना आनंद झाला. पण दहा वर्षें लागलीं. त्या काळांत एखाद्या देशांत त्याच पेटंटावर दावा लागला असता आणि न्यायाधीशांनीं तो 'हरकतीचा निकाल येईपर्यंत' थांबविला असता, तर वीस वर्षांच्या हक्कापैकीं अर्धा काळ कपाटांत गेला असता. आणि समजा, पेटंट खरें ठरलें असतें ? मग खऱ्या संशोधकानें काय करावयाचें ? वीस वर्षांचें घड्याळ दावा तहकूब झाला म्हणून थांबत नाहीं.

घड्याळाची ही गोष्ट आपल्या देशांतही घडून गेली आहे. मिर्झापूरच्या एका भांडींवाल्या कारखान्यानें, पितळी भांडें लेथवर घासून उजळतांना तें घट्ट धरून ठेवण्याच्या युक्तीचें पेटंट १९५१ चें मिळविलें. १९५३ मध्यें त्यानें दुसऱ्या कारखान्यावर दावा लावला. त्यांनीं पेटंट रद्द करून मागितलें. सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द डिसेंबर १९७८ मध्यें आला : युक्ति नवी नाहीं, पेटंट रद्द. त्या वेळच्या कायद्याप्रमाणें पेटंटाचें आयुष्य सोळा वर्षांचें असे. म्हणजे तें मरून अकरा वर्षें झाल्यावर तें जन्मालाच आलें नव्हतें असें ठरलें ! हें प्रकरण आजही वकील लोक नव्या-जुन्याच्या कसोटीसाठीं उद्धृत करतात. मला त्यांतील तारखाच अधिक बोलक्या वाटतात.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर आकुर्डीच्या बजाज ऑटोचा वाद सर्वांच्या ऐकिवांतला आहे. लहान इंजिनांत एकाऐवजीं दोन ठिणगी-प्लग बसवून इंधन अधिक चांगलें जाळण्याची युक्ति बजाजनें २००२ मध्यें नोंदविली. २००५ मध्यें पेटंट मिळालें. २००७ मध्यें दक्षिणेंतील टीव्हीएस कंपनीनें 'फ्लेम' ही दोन प्लगांची मोटारसायकल आणण्याचें जाहीर केलें. त्याच वर्षीं तिनें चेन्नईच्या बौद्धिक संपदा अपील मंडळापुढें बजाजचें पेटंट रद्द करण्याचा अर्ज केला, आणि बजाज आपल्याला विनाकारण धमकावते म्हणून मद्रास उच्च न्यायालयांत दावाही लावला. बजाजनें पेटंटभंगाचा उलट दावा लावला. एकाच शहरांत, एकाच पेटंटावर, दोन न्यायासनें ! फेब्रुवारी २००८ मध्यें उच्च न्यायालयानें फ्लेमला मनाई केली. मे २००९ मध्यें त्याच न्यायालयाच्या खंडपीठानें मनाई उठविली. प्रकरण दिल्लीस गेलें.

सप्टेंबर २००९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें जो हुकूम दिला तो मला फार मार्मिक वाटतो. मनाईचा वाद वर्षानुवर्षें घोळत राहतो आणि मूळ दावा पडून राहतो, याबद्दल न्यायमूर्तींनीं नापसंती दाखविली. असले दावे रोजच्या रोज चालवून साधारणतः चार महिन्यांत निकालांत काढावे असें सांगितलें. हा दावा ३० नोव्हेंबर २००९ पर्यंत संपवावा असें सुचविलें. आणि मधल्या काळापुरतें काय ? टीव्हीएसनें गाडी विकावी, पण विकलेल्या प्रत्येक गाडीचा चोख हिशेब ठेवावा, आणि त्या हिशेबावर न्यायालयाचा रिसीव्हर असावा. व्यापार थांबला नाहीं, हक्क बुडाला नाहीं. उद्यां जो जिंकेल त्याला देण्याघेण्याचा आंकडा तयार. शेताच्या वादांत पिकाचा पैसा न्यायालयांत जमा करवितात, त्यांतलाच हा प्रकार.

दुर्दैवानें तो नोव्हेंबर येऊन गेला आणि आणखी दहा नोव्हेंबर जवळ आले. ऑक्टोबर २०१९ मध्यें दोन्ही कंपन्यांनीं आपसांत तडजोड करून सारीं प्रकरणें मागें घेतलीं. तेव्हां पेटंटाचीं जेमतेम तीन वर्षें उरलीं होतीं. दोघीही धनाढ्य, म्हणून दोघींनाही हें सोसलें.

यावरून माझें मत सांगतों. तहकुबी हा नियम नसावा, आणि तिला सरसकट मनाईही नसावी. पण ज्याला ती पाहिजे त्यानें तिची किंमत आधीं मोजावी. आमच्या उमरेडच्या कारखानदारानें हरकत घेतली आणि दावा थांबवून मागितला, तर न्यायाधीशांनीं त्याला विचारावें, हरकत कोठवर आली ? मंडळाचा अहवाल झाला असेल, सुनावणीची तारीख लागली असेल, तर चार-सहा महिने वाट पाहण्यांत कोणाचें फारसें बिघडत नाहीं, आणि दुहेरी खर्च वांचतो. नुसता अर्जच पडला असेल, तर थांबणें म्हणजे अंधारांत थांबणें. दुसऱ्या बाजूस कंपनीलाही विचारावें कीं, आज तुला मनाई हुकूम किंवा पैसा दिला आणि उद्यां पेटंट रद्द झालें, तर या माणसाचें नुकसान भरून देण्याची हमी लिहून देतेस काय ? लंडनच्या अपील न्यायालयानें नोव्हेंबर २०१३ मध्यें, आयपीकॉम आणि एचटीसी या दोन कंपन्यांच्या प्रकरणांत, अशाच धोरणाची मांडणी केली. तहकुबी हें आरंभाचें पाऊल मानावें. पण म्यूनिचपेक्षां आपण किती लवकर निकाल देऊं शकतों, व्यापाऱ्यांना निश्चितता किती निकडीची आहे, आणि पेटंटवाल्याच्या हातीं परत न येणारा पैसा पडतो काय, हें सारें तोलावें. गंमत अशी कीं, हे नियम सांगून त्या प्रकरणांत त्यांनीं तहकुबी नाकारली. पेटंटवाल्यानें पैसे परत करण्याची हमी दिली होती. १ जून २०२३ पासून युरोपांत जें एकत्रित पेटंट न्यायालय सुरूं झालें, त्याच्या नियमांतही म्यूनिचचा निर्णय लवकर अपेक्षित असेल तर दावा थांबवितां येईल, असेंच आहे. सारा भर 'लवकर' या शब्दावर आहे. आमच्या कुळकायद्यांत तो शब्द असता तर किती बरें झालें असतें !

आपल्या सर्वोच्च न्यायालयानें या प्रश्नाचें एक टोक २ जून २०१४ रोजीं बांधून टाकलें आहे. जर्मनीचे पवनचक्की-संशोधक अलॉइस वोबेन आणि त्यांचे मुंबईचे भागीदार मेहरा यांचें फाटलें. भागीदारांच्या बाजूनें वोबेन यांच्या पेटंटांविरुद्ध अपील मंडळापुढें एकूण तेवीस अर्ज पडले, आणि वोबेन यांनीं लावलेल्या दाव्यांत तेच मुद्दे प्रतिदावे म्हणूनही आले. न्यायालय म्हणालें, एकाच माणसानें एकाच पेटंटाविरुद्ध दोन दारें ठोठावूं नयेत. पेटंट मिळाल्यानंतरची हरकत घेतलीत तर पुन्हां रद्द करण्याचा अर्ज किंवा प्रतिदावा नाहीं. अर्ज आणि प्रतिदावा यांपैकींही जें आधीं केलें तेंच चालवावें. नियम सरळ आहे. परंतु त्यानें सारें मिटलें असें समजूं नये. हरकत एकानें घेतली आणि दावा दुसऱ्यावर लागला, तर दोन गाड्या पूर्वींप्रमाणेंच धांवतात. शिवाय लहान माणसाला पहिल्याच दिवशीं दार निवडावें लागतें : कचेरीची हरकत स्वस्त, पण तिच्या मागोमाग प्रतिदाव्याचें दार बंद, प्रतिदावा जोरकस, पण त्यासाठीं उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागणार.

एप्रिल २०२१ मध्यें तें अपील मंडळ सरकारनें बरखास्त केलें आणि त्याचें काम उच्च न्यायालयांकडे गेलें. तेव्हां पेटंट रद्द करण्याचा अर्ज आणि पेटंटभंगाचा दावा हे आतां एकाच छपराखालीं येऊं शकतात. बजाज-टीव्हीएसचा प्रसंग त्या रूपांत पुन्हां येण्याचें कारण उरलें नाहीं. वेगळें दार राहिलें तें कचेरींतील हरकतीचें.

आणि या दाराजवळ आपण नागपूरकर फार दूर नाहीं. १९८० पासून नागपुरास सरकारचें पेटंट-माहिती केंद्र आहे. कचेरीचें मुखपत्र दर शुक्रवारीं प्रसिद्ध होतें. कोणते अर्ज उघड झाले, कोणतीं पेटंटें मंजूर झालीं, हें त्यांत असतें, आणि आज तें घरबसल्या संगणकावर फुकट पाहतां येतें. अर्ज उघड झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंतच्या काळांत कोणीही, अगदीं सातऱ्यावर देठ खुडणारी बाईसुद्धां, पुराव्यानिशीं हरकत घेऊं शकते. त्या टप्प्यावर पेटंट जन्मलेलेंच नसतें, त्यामुळें त्याच्या भंगाचा दावाही लागूं शकत नाहीं, आणि कोणत्या न्यायाधीशानें कोणासाठीं थांबावें हा प्रश्नही उभा राहत नाहीं. उमरेडच्या आमच्या कल्पित कारखानदारानें तेव्हां शुक्रवारचें मुखपत्र पाहिलें असतें, आणि वडिलांच्या यंत्राचीं विक्रीचीं जुनीं बिलें कचेरीपुढें ठेविलीं असतीं, तर मुंबईचे ते तीन अधिकारी आणि नागपूरचे ते न्यायाधीश यांची गांठ पडण्याचें कारणच उरलें नसतें.